लाजेची क्रोकेता

बशीत तळलेल्या क्रोकेता आल्या नऊ आणि टेबलाशी माणसं होती चार. सगळ्या घोटाळ्याला सुरुवात तिथूनच झाली.

तोरिबियोच्या हे लगेच ध्यानात आलं, कारण तो बेकरीवाला होता आणि माणसांना मोजून पाव देण्यातच त्याचा जन्म गेला होता. प्रत्येकी दोन म्हणजे आठ. एक उरणार. पण बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. भट्टी उरकून, अंगावरचं पीठ झटकून तो आणि त्याची बायको बेनिता सकाळच्या गाडीत बसले होते आणि पालेन्सियाहून सारागोसा येईपर्यंत बेनितानं त्याचा डोळा लागू दिला नव्हता. डोकं खिडकीला टेकलं की ती कोपरानं ढोसायची. "झोपतोस काय? काय बोलायचं ते एकदा म्हणून दाखव."

बोलायचं होतं एवढंच, की लग्न आमच्या गावी करू या. त्यांच्या एनारचं सारागोसाच्या वालेरोशी जमलं होतं आणि लग्न कुठं करायचं ते तेवढं ठरायचं होतं. "तुम्ही चौघं जेवायला बसा आणि ठरवून टाका, आम्हाला कुठंही चालेल. आम्ही समोर असलो की तुम्ही मोकळं बोलायचा नाहीत," असं म्हणून पोरं आपापल्या कामाला निघून गेली होती. तोरिबियोला लग्न गावातल्याच चर्चमध्ये हवं होतं, आणि ते हट्टापायी नव्हे. त्याची आई, दोरोतेआ, शहाऐंशी वर्षांची. तिला एवढा प्रवास झेपणार नाही असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नात बोहल्यावर चढतेय आणि जिनं तिला अंगाखांद्यावर खेळवलं ती आजी घरात एकटी बसलीय, हे तोरिबियोला बघवणार नव्हतं. त्यासाठी तर तो एवढा लांब आला होता. परतीची गाडी चार चाळीसला होती. ती चुकली असती तर दुसऱ्या दिवशी तीन गावांना पाव मिळाला नसता.

जेवायची जागा व्याह्यांनी निवडली होती. देलिसियास भागातली, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, 'कासा पोन्सियानो'. आठ टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, कोपऱ्यात कुणी न बघता चाललेला टीव्ही. मालक आणि वाढपी पोन्सियानो स्वतःच. साठी उलटलेला माणूस, खांद्यावर फडकं, आणि चालण्याची ढब अशी की प्रत्येक पावलाची त्याला किंमत मोजावी लागत असावी.

"माझ्या लहानपणापासून येतो मी इथं," व्याही लाम्बेर्तो म्हणाला. तो बस चालवून निवृत्त झाला होता आणि बोलायचा अजूनही मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. "क्रोकेता खाऊन बघा. बाकी सगळं विसराल."

"आमचा वालेरो दात नव्हते तेव्हापासून खातोय," विहीणबाई ओरोसिया म्हणाल्या.

क्रोकेता खरोखरच तशा होत्या. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ लोण्यासारख्या, हॅमचे बारीक तुकडे जिभेला लागताहेत न लागताहेत तोच विरघळणारे. तोरिबियोनं पहिली डोळे मिटून खाल्ली. दुसरी खाताना त्याला क्षणभर लग्न, आई, गाडी, सगळ्याचा विसर पडला. डोळे उघडले तेव्हा बशीत एकच होती.

आता त्या एकीला कुणी हात लावणार नव्हतं. सगळ्यांच्या मधोमध ठेवलेल्या बशीतली शेवटची असते ती लाजेची. लहान मूलसुद्धा तिला हात घालण्याआधी आईकडे बघतं. आणि इथं तर व्याही-विहिणी पहिल्यांदा एका टेबलाशी बसलेले! जो ती उचलेल त्याचं नाव दोन्ही घरांत पुढची तीस वर्षं निघणार.

"घ्या ना व्याही," लाम्बेर्तो म्हणाला. "तुम्ही पाहुणे."

"छे, छे! माझं पोट भरलं," तोरिबियो म्हणाला. त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. "विहीणबाईंना द्या."

"मला? अगंबाई, नको! बेनिता, तुम्ही घ्या."

"मी तर आता श्वाससुद्धा घेऊ शकत नाही," बेनिता म्हणाली. तिच्याही पोटात सकाळपासून फक्त एक सफरचंद होतं.

पोन्सियानो आला. त्यानं बशीकडे बघितलं. "उचलू?"

"अहो, अन्न टाकायचं का?" ओरोसिया कळवळल्या. "खाईल कोणीतरी."

"मग मी थांबतो. कोकराचा ट्रे मोठा आहे. बशी हलल्याशिवाय तो टेबलावर मावायचा नाही." आणि तो पाय ओढत गेला.

इथं तोरिबियोच्या लक्षात आलं की आपण भलत्याच कात्रीत सापडलोय. कारण मुद्द्याचं बोलणं कॉफीवर, हा दोन्ही घरांचा रिवाज होता. जेवताना पाऊसपाणी बोलावं, फुटबॉल बोलावा, मेलेल्या नातेवाइकांबद्दल चांगलं बोलावं. लग्न, जमीन, वाटण्या हे सगळं कॉफी समोर आल्यावर. आता कॉफी यायची म्हणजे आधी गोड यायला हवं. गोड यायचं तर कोकरू संपायला हवं. कोकरू यायचं तर बशी जायला हवी. आणि बशीत ती बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते.

"मी एक सुचवू का?" बेनिता म्हणाली. तिला वेळेची काळजी होती आणि ती शहाणी बाई होती. "मी अर्धी खाते. अर्धी तुम्ही घ्या विहीणबाई. म्हणजे प्रश्न मिटला."

तिनं सुरीनं क्रोकेतेचे दोन सारखे तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि बशी पुढं सरकवली. टेबलावर जरा मोकळं वाटलं. पण ओरोसियाही संस्कारी घरच्या होत्या.

"अख्खी अर्धी कशी खाऊ? मग मीच हावरी ठरेन," असं म्हणून त्यांनी त्या अर्धीतली अर्धी घेतली.

लाम्बेर्तोनं उरलेल्या चतकोरातला अर्धा काट्यावर उचलला. "मी काय तुमच्याहून जास्त खाणार?"

बशी तोरिबियोसमोर आली. त्यानं काटा उचलला. एक घास होता फक्त. त्याला तो मनापासून हवा होता. पण बेनितानं त्याच्याकडे बघितलं, आणि लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर माणसाला त्या नजरेचा अर्थ विचारावा लागत नाही. त्यानं निमूटपणे त्यातलंही अर्धंच खाल्लं. बशीच्या मधोमध हरभऱ्याएवढा ऐवज उरला.

पोन्सियानो काउंटरमागून हे सगळं बघत होता. ऐकू काही येत नव्हतं, पण हातवारे दिसत होते. एकाच क्रोकेतेवरून चार म्हातारी माणसं भांडतायत, असा त्यानं अर्थ लावला. चाळीस वर्षं धंदा केल्यावर माणसाला दया येते ती अशीच भलत्या वेळी. तो आत गेला आणि पाच मिनिटांनी गरमागरम तीन क्रोकेता घेऊन आला.

"माझ्याकडून," तो म्हणाला. "तुमच्याकडे एक आहे, या तीन. झाल्या चार. आता वाद नको."

त्यानं त्या बशीत ठेवल्या आणि मग नीट निरखून बघितलं. "तुमची एक कुठं गेली?"

बायकांनी नवऱ्यांकडे बघितलं.

"वाटून खाल्ली," शेवटी लाम्बेर्तो म्हणाला.

"आणि हे काय?" पोन्सियानोनं हरभऱ्याकडे बोट केलं.

"ती उरलीय," ओरोसिया म्हणाल्या.

पोन्सियानोनं चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हिशेब तिथंच सोडून तो माघारी फिरला. तेवढा शहाणपणा त्याच्यात होता.

आधी एक होती आणि ती कोणाला नको होती. आता तीन होत्या, माणसं चार, म्हणजे एकाला मिळणार नाही हे उघड होतं, आणि तो उपाशी राहणारा एक होण्यासाठी चौघांची चढाओढ लागली.

"मला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय," बेनिता म्हणाली.

"मला तर दाढेनं पछाडलंय," ओरोसिया म्हणाल्या.

"मी आता नुसतं कोकरू खाणार, पोटात तेवढी जागा ठेवलीय," लाम्बेर्तो म्हणाला.

"मला खरं सांगायचं तर क्रोकेता फारशा आवडत नाहीत," तोरिबियो म्हणाला.

हे त्यानं कसं म्हटलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. डोळे मिटून, मान डोलवत त्यानं दोन खाल्लेल्या तिघांनीही पाहिल्या होत्या. पण खोटं बोलणाऱ्याला खोटारडा म्हणणं हे त्याहून मोठं पाप, म्हणून तिघांनीही समजुतीनं माना हलवल्या. क्रोकेता निवत चालल्या. वाफ आधी सरळ वर जात होती, मग वाकडी झाली, मग दिसेनाशी झाली. साडेतीन वाजले. मग पावणेचार झाले. लाम्बेर्तोचं मेलेल्या दोन काकांबद्दल चांगलं बोलून झालं होतं आणि तो तिसऱ्याकडे वळला होता, जो बहुधा अजून जिवंत होता.

शेवटी पोन्सियानोच आला. शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून धप्पकन बसला. त्यानं बूट अर्धे काढले.

"सकाळी सातपासून उभा आहे," तो कोणाला उद्देशून नाही असं म्हणाला. "माझी बायको आत कोकराचा ट्रे भट्टीत घालतेय आणि काढतेय. म्हणतेय, त्या टेबलाला काय झालंय? मी काय सांगू तिला?"

आणि त्यानं हातानं एक क्रोकेता उचलून तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. चौघं बघत राहिले. तोरिबियोनं त्याच्या घशाखाली शेवटचा घास उतरताना पाहिला आणि त्याला स्वतःचीच फार कीव आली. मग पोन्सियानोनं बोट चाटून त्या बोटाला हरभरा चिकटवून तोही तोंडात टाकला.

"आता उचलू?"

"उचला," ओरोसिया पुटपुटल्या.

कोकरू आलं. भट्टीत जा-ये करून त्याची कातडी जरा जास्तच कडक झाली होती, पण बटाटे तुपात न्हाल्यासारखे मऊ होते. चार वाजले होते. तोरिबियोनं घड्याळाकडे बघितलं आणि ठरवलं की आता रिवाज गेला खड्ड्यात. त्यानं काटा खाली ठेवला, घसा साफ केला. नेमका त्याच क्षणी समोरून लाम्बेर्तोनंही घसा साफ केला.

"व्याही," लाम्बेर्तो म्हणाला, "खरं म्हणजे आम्हालाही तुमच्याशी एक—"

टेबलाखाली बेनितानं लाथ मारली. नवऱ्याचं उघडलेलं तोंड तेवढं तिनं पाहिलं होतं, आणि मांसाच्या ताटावर लग्नाची बोलणी म्हणजे तिच्या माहेरची अब्रू गेली असती. लाथ जोरदार होती. लागली मात्र लाम्बेर्तोच्या नडगीला. लाम्बेर्तोनं कळवळून आपल्या बायकोकडे बघितलं. तीस वर्षं तिच्याच लाथा खाल्लेल्या माणसाला दुसऱ्या कोणाचा संशय येणार तरी कसा?

"एक काय?" तोरिबियोनं विचारलं.

"एक... बटाटा घ्या अजून," लाम्बेर्तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

सव्वाचारला ट्रे रिकामा झाला. म्हणजे झाला असं म्हणायचं. एक बटाटा उरला होता, तो बेनितानं कोणी बघायच्या आत रुमालाखाली लपवला. तोरिबियोनं हात वर केला. "पोन्सियानो, चार कॉफी! ताबडतोब!"

पोन्सियानो जागच्या जागी थबकला. "आणि गोड? पीच आहेत. चार दिवस वाइनमध्ये मुरलेत. गोडाआधी कॉफी? माझ्या हयातीत?"

"गाडी आहे हो आमची!"

"मग गाडीतच प्या." आणि त्यानं पीच आणले.

असं करत करत ती चौघं साडेचारला स्टेशनात शिरली. धावत म्हणवत नाही, कारण लाम्बेर्तो लंगडत होता. पुढं तिकीट असलेल्यांनाच जाता येत होतं. तोरिबियोनं आपली बॅग तपासणीच्या पट्ट्यावर ठेवली. मागं रांग होती. बॅग हळूहळू आत सरकत होती, आणि जे बोलायला तो आला होता त्यातला एकही शब्द त्यानं अजून उच्चारला नव्हता. कॉफी आली नव्हती. रडावं की हसावं हे ठरवण्याइतकीही शक्ती त्याच्यात उरली नव्हती.

"व्याही," लाम्बेर्तोनं त्याचा दंड धरला. "आता सांगूनच टाकतो. मला भाऊ-बहिणी, चुलत-मावस मिळून दीडशे माणसं आहेत या शहरात. इथं लग्न केलं तर सगळी येणार, आणि त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत. मला छातीत धडधडतं हो नुसत्या विचारानं. राग मानू नका, पण लग्न तुमच्या गावी करता येईल का?"

"आमच्यावर उपकार होतील," ओरोसिया हात जोडल्यासारखं करत म्हणाल्या.

तोरिबियोच्या छातीवरचा दगड सरकला. डोळ्यांत पाणी आलं. आई पहिल्या बाकावर बसलेली त्याला स्पष्ट दिसली. आणि त्याचं तोंड उघडलं, आणि साठ वर्षांच्या सवयीनं त्यातून जे बाहेर पडायचं तेच पडलं.

"छे, छे! असं कसं? तुम्हाला एवढा त्रास? अजिबात नको. मुलांचं घर इथं, लग्नही इथंच."

लाम्बेर्तोचा चेहरा पडला. त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं खांदे उडवले.

"नक्की?" त्यानं विचारलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. पण लाम्बेर्तो आरागोनचा माणूस. 'नको' म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपला. "ठीक," तो म्हणाला. "तुमची इच्छाच असेल तर इथंच."

"साहेब, पुढं चला!" मागून कोणीतरी ओरडलं. बॅग पलीकडे बाहेर पडली होती. बेनितानं तोरिबियोला दंडाला धरून ओढलं. तो मागं वळून काहीतरी सांगू बघत होता, पण लाम्बेर्तो आणि ओरोसिया हसून हात हलवत होते, आणि त्यानंही हात हलवला.

गाडी सुटल्यावर बेनितानं तोरिबियोला एकदाही कोपरानं ढोसलं नाही. हे वाईट लक्षण होतं.

"तू नको म्हणालास," ती शेवटी म्हणाली.

"एकदाच म्हणालो."

"ऐकलं मी."

"त्यांनी परत विचारायला हवं होतं. आपल्याकडे परत विचारतात."

"आपल्याकडे परत विचारतात," बेनिता म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिला रागावताही येईना. त्याच्या जागी ती असती तर तीही तेच बोलली असती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"फोन करून सांगू का त्यांना? म्हणावं, आम्हाला हवंय."

"काय म्हणतील? माणसं आहेत की वाऱ्यावरची वरात?"

तोरिबियोनं काढलेला फोन परत खिशात ठेवला. शेतं मागं जात होती. त्याला आईला फोन करायचा होता आणि करवत नव्हता. पण ती वाट बघत असेल हे तो जाणून होता, आणि लोग्रोन्यो स्टेशन मागं पडल्यावर त्यानं धीर करून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ठरलं का रे?"

"ठरलं, आई."

"कुठं?"

त्यानं डोळे मिटले. "सारागोसाला. माझ्या हातून चुकलं गं. ते गावी करू म्हणत होते आणि मीच... तुझ्यासाठीच गेलो होतो, आणि मीच घोळ घातला. मला माफ कर."

पलीकडून घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आई रडतेय की काय, असं त्याला वाटलं.

"सारागोसाला थंडी कितपत असते?" आईनं विचारलं.

"का?"

"जाड कोट घ्यावा लागेल की शाल पुरेल?"

"आई," तो गोंधळून म्हणाला, "तुला प्रवास झेपत नाही ना? एनार विचारायला आली होती, तेव्हा तूच तिला म्हणालीस, नको गं बाई, माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप."

"म्हणाले की," म्हातारी फणकारली. "एकदा म्हणाले. सहा महिने झाले त्याला. बसलेय आपली खिडकीत, परत कोण विचारतंय म्हणून."